मदत हवी आहे: ओरेगॉनच्या किनाऱ्यावरची ही वेल कुठली?

मंडळी, समुद्राकाठच्या झुडपांवर चढलेली एक रानवेल ओळखायची आहे. वाटाण्याच्या कुळातली आहे एवढं नक्की. खोड जाड, पोकळ. एका पानाला मोजून चोवीस पर्णिका, म्हणजे छोटी उपपानं (दोनदा मोजल्या, वाऱ्याने काही सुचू देत नव्हता!) आणि टोकाला फाटे फुटलेला तणावा, शेजारच्या फांदीला घट्ट वेटोळे घातलेला. फुलं दांड्याच्या एकाच बाजूला लटकलेली, रंग मळकट, पिवळट-जांभळा. जुन्या शेंगा वाळून काळ्याकुट्ट झालेल्या.

मला जायंट व्हेच, म्हणजे व्हिसिया जायगँटिया वाटतेय. अमेरिकन व्हेचची फुलं निळी-जांभळी आणि घोसात मोजकीच असतात, त्यामुळे ती बाद. बरोबरची मैत्रीण मात्र बीच पी म्हणजे लॅथिरस जॅपोनिकसवर अडून बसलीय. पण त्याला इतक्या पर्णिका कुठून येणार?

एक फूल उकलून भिंगाखाली पाहिलं. आतल्या कुक्षिवृंताच्या (स्त्रीकेसराच्या बारीक दांडीच्या) टोकाला चहूबाजूंनी लव आहे, बाटली घासायच्या ब्रशसारखी. लॅथिरसमध्ये ती एकाच बाजूला असते ना? मग हा पुरावा पुरेसा धरावा, की ताजी शेंगही बघायला हवी?