पाडव्याचं जेवण घरीच, आणि करणारीसुद्धा पंगतीत : तुम्ही कसं जमवता?

पाडवा जवळ आला की श्रीखंडाच्या डब्यांच्या ऑफर आणि हॉटेलातल्या थाळीचे मेसेज सुरू होतात. आमच्याकडे अजून जेवण घरीच होतं आणि ते तसंच रहावं असं मला मनापासून वाटतं, दीर-जावा, नणंद, मुलं, आईबाबा सगळे एकत्र येतात असे दिवस उरलेत किती. पण एक गोष्ट फार खटकते. पुरी गरम पानात पडली पाहिजे म्हणून घरातली एक बाई कढईपाशी उभी, आणि सगळ्यांचं आवरल्यावर ती एकटी जेवायला बसते. आजी अशीच जेवायची, आईही तशीच. माझ्या घरात हे होऊ द्यायचं नाही असं ठरवलंय, म्हणून आता नैवेद्याची वेळ आधी लिहिते आणि तिथून मागे मागे येत सगळी कामं मांडते.

बेत साधाच, श्रीखंड पुरी, बटाट्याची पिवळी भाजी, मसालेभात, वरणभात, काकडीची कोशिंबीर, कडुनिंबाची चटणी. भजी, वडे मुद्दाम काढून टाकलेत. कुरडया आदल्या संध्याकाळी तळून घट्ट झाकणाच्या डब्यात, अजिबात सादळत नाहीत.

तुमचे अनुभव सविस्तर लिहा, आदल्या दिवशी काय उरकता, कोणाला काय काम देता, काय वगळता. पाडवाच पाहिजे असं नाही, रामनवमी, ईस्टर, काहीही चालेल.

*

छान विषय. आमच्या पुण्यातल्या घरी श्रीखंड विकत आणत नाहीत, आणि खरं सांगायचं तर सगळ्या बेतात तेच सगळ्यात सोपं आहे कारण सणाच्या दिवशी त्याला हातच लावावा लागत नाही. विरजण लावायचं ते पाडव्याच्या दोन रात्री आधी, म्हशीचं दूध, साय न काढता. सकाळी दही घट्ट लागलं की पंचात बांधून नळाला टांगते, पण या दिवसांत हवा तापलेली असते, दिवसभर बाहेर ठेवलं तर चक्का आंबट होतो, म्हणून पहिलं पाणी गळून गेलं की गाठोडं चाळणीत, वर पाण्याने भरलेलं पातेलं, खाली ताट, आणि सगळं फ्रीजमध्ये. संध्याकाळी पंचा उलगडला की चक्का कापडाला न चिकटता एकसंध गोळा सुटून आला पाहिजे, आणि बोटाने दाबल्यावर पाणी दिसता कामा नये. लिटरभर दुधाच्या दह्याचा साधारण तीनशे-साडेतीनशे ग्रॅम चक्का पडतो, त्यावरून माणसांचा हिशोब करा. साखर सासूबाई चक्क्याइतकीच घ्यायच्या, आता आम्ही पाऊणपट घेतो. साखर कालवून तासभर झाकून ठेवायचं, मग पुरणयंत्रातून काढायचं. पुरणयंत्र फिरवायचं काम मुलांचं, ते आता भांडून करतात. केशर कोमट दुधात खलून, वेलची, जायफळ अगदी जरासं. रात्री फ्रीजमध्ये मुरलं की सकाळी त्याचा रंग बघा!

पुऱ्यांचं म्हणाल तर कणीक घट्ट, थोडा रवा आणि कडकडीत तेलाचं मोहन, म्हणजे पुरी जरा वेळ टम्म रहाते. लाटलेल्या पुऱ्या किंचित ओल्या फडक्याखाली ठेवायच्या, सुकल्या की फुगत नाहीत. आणि आमच्याकडे तळायच्या पाळ्या आहेत. एक घाणा झाला की झारा पुढच्याच्या हातात. सासरे, नवरा, दीर सगळे तळतात, कोणी मदत करतोय असं म्हणत नाही, जेवायचं तर तळायचं.

*

पाळ्यांची कल्पना फार आवडली, घरी वाचून दाखवली.

*

मी सोलापूरकडची. आमच्यात पाडव्याला पुरणपोळीच. सगळे म्हणतात पुरणाचा घाट मोठा, पण धाग्याचा जो प्रश्न आहे ना, करणारीने सगळ्यांबरोबर बसायचं, त्याला पुरणपोळीइतकं चांगलं उत्तर नाही. पुरी निवली की चामट होते, पोळी मात्र सकाळी करून सुती कापडात गुंडाळून ठेवली तर दुपारपर्यंत मऊ लुसलुशीत रहाते, वर तूप आणि सोबत दूध, गरमच पाहिजे असा हट्ट कोणी धरत नाही. पुरण आदल्या रात्री करून ठेवते. किलोला किलो गूळ, डाळ बोटाने सहज चुरडली पाहिजे पण पीठ व्हायच्या आधी गॅस बंद. शिजवताना पाणी सढळ घालायचं कारण निथळलेलं येळवणीचं पाणी तेच खरं सोनं. पुरणात उलथनं उभं राहिलं की झालं. येळवणीची आमटी पण आदल्या रात्रीच, कांदा-खोबरं भाजून, काळा मसाला, चिंच, थोडं पुरण, दुसऱ्या दिवशी ती आणखी मुरते. कणीक सैल मळून तेलात तिंबून सकाळी तासभर ठेवते. मग फक्त पोळ्या, भात, आणि एक भाजी. साडेबाराला आम्ही सगळ्याजणी पानावर असतो. श्रीखंडवाल्यांनी एकदा करून बघा.

*

आम्ही टोरांटोला. इथे पाडव्याला सुट्टी नसते, 2024 ला मंगळवार होता, 2026 ला गुरुवार. ऑफिस, शाळा सगळं चालू, त्यात मार्च म्हणजे कधी बाहेर बर्फ सुद्धा असतो. म्हणून गुढी त्याच दिवशी सकाळी खिडकीशी उभारतो, नैवेद्याला शिरा, आणि मोठं जेवण शनिवारी. मी सगळ्या मित्रांना एकच सांगतो, की ज्याला जो पदार्थ दिलाय तो त्याने पूर्ण आणायचा, भाजी आणली तर फोडणीसकट, इथे येऊन माझ्या गॅसवर काही करायचं नाही. नाहीतर यजमान दिवसभर दुसऱ्यांना कढया आणि चमचे शोधून देत बसतो. चक्क्यासाठी पूर्ण फॅटचं ग्रीक योगर्ट रात्रभर टांगतो, मस्त होतं, फक्त आंबटपणा बघून साखर घाला. कडुनिंबाचा वाळवलेला पाला इंडियन दुकानात मिळतो. पुऱ्या मी तळतो, बायको लाटते, मोठी मुलगी वाढते, आणि आम्ही तिघं मधल्या खेपेला बसतो. तुमच्यासारखं एकाच वेळी सगळे अजून साधत नाहीये, पण शेवटी एकटं कोणी जेवत नाही.

*

गोव्याहून. आमच्याकडे संवसार पाडवो म्हणतात. आईच्या माहेरी कणंगाची, म्हणजे रताळ्यासारख्या एका कंदाची खीर असायची, नारळाचा रस आणि गूळ. कणंगं मिळाली नाहीत तर रताळ्याची करतो. हिचं एकच पथ्य, दाट रस सगळ्यात शेवटी घालायचा आणि उकळी येऊ द्यायची नाही, नाहीतर फुटतो. म्हणून खीर अर्धी करून ठेवायची आणि रस मात्र पानं मांडल्यावर.

*

वसईहून लिहितेय. आमच्यात पाडवा नाही, ईस्टर, पण प्रश्न अगदी तोच आहे. शनिवारी रात्री उशिरापर्यंत चर्चमध्ये जागरणाचा विधी असतो, घरी यायला मध्यरात्र होते, सकाळी परत पाहुणे. चाळीस दिवसांचा उपवासकाळ संपलेला असतो, कित्येकांनी तेवढे दिवस मटण-मांस सोडलेलं असतं, त्यामुळे त्या दिवशीच्या जेवणाची वाट घरातला प्रत्येकजण बघत असतो. इंद्याल, म्हणजे मांसाचा आंबट-तिखट रस्सा, आम्ही शुक्रवार-शनिवारीच करून ठेवतो, व्हिनेगर असल्यामुळे एक दिवस मुरलं की चव खरी लागते, त्या दिवशी फक्त गरम करायचं. खरं काम फुग्यांचं, म्हणजे तळलेल्या गोल पावांचं. मैदा, अंडी, नारळाचं दूध आणि ताडी, हल्ली ताडी मिळाली नाही तर यीस्ट. पीठ चर्चला जायच्या आधी मळून झाकून ठेवायचं, सकाळपर्यंत दुप्पट होतं. मग मुठीतून पिठाचा गोळा अंगठा आणि तर्जनीच्या मधून वर काढून तेलात सोडायचा, हे ज्याला जमतं त्याचा त्या दिवशी मान. आमच्याकडे माझ्या मोठ्या भावाला जमतं. फुगे निवले तरी छान लागतात, त्यामुळे नाश्त्याच्या आधीच टोपलीभर तळून होतात आणि कढई खाली उतरते. तेच माझं सांगणं आहे, जेवणाच्या वेळी गॅसवर तेल नकोच.

*

धागा काढणारीच परत. काय सुंदर लिहिताय सगळे. वसईच्या ताई, कढई आधीच खाली उतरवायची हे मी नक्की करणार. यंदा पुऱ्या लहान करून पहिल्या वाढपाच्या तेवढ्या आधी तळणार, नंतरच्या दोन घाण्यांना दीर आणि मोठा भाचा, तसं फोनवर सांगूनही झालं. दीर लगेच हो म्हणाले, मला वाटतं त्यांना आजवर कोणी विचारलंच नव्हतं.

*

एक विचारायचं होतं. कडुनिंबाची चटणी मुलं तोंडात सुद्धा घेत नाहीत, प्रसाद म्हणून तरी सगळ्यांनी खावी असं वाटतं. काय करता?

*

पाला कोवळा, तांबूस पालवीचा घ्या आणि फुलं मिळाली तर तीच जास्त घ्या, कडवटपणा बराच कमी असतो. भिजवलेली हरभऱ्याची डाळ, गूळ, चिंच, जिरं, ओवा, हिंग, मीठ. पाला चिमूटभर, डाळ मूठभर. मिक्सरला एकदम गुळगुळीत करू नका, डाळ जराशी दाताखाली आली पाहिजे. नंतर हरभऱ्याएवढ्या गोळ्या करून ठेवा, गोळी पटकन खाल्ली जाते आणि लगेच हातावर गाठीचा तुकडा द्यायचा. डाळ मात्र आदल्या रात्रीच भिजत घाला, सकाळी गडबडीत रहातेच.