१९२३ साली मृत जन्मलेल्या बाळाची नोंद कुठे मिळेल?

प्रश्न:
माझ्या यजमानांच्या आजोळची मंडळी इंग्लंडमधली असून त्यांची वंशावळ मी तयार करते आहे. घरातल्या जुन्या बायबलच्या पहिल्या पानावर मुलांची नावे आणि जन्मतारखा ओळीने लिहिल्या आहेत. १९२१ आणि १९२५ यांच्या मधल्या ओळीत मात्र मार्च १९२३ मधली नुसती तारीख आहे, नावाची जागा कोरी. ते मूल मृत जन्मले, असे घरात ऐकिवात आहे. १९३४ मध्येही असेच घडल्याचे सांगतात. जन्मनोंदींच्या सूचीत दोघेही सापडत नाहीत. कुठे शोधावे?

प्रतिसाद १:
१९२३ च्या बाळाची सरकारी नोंद मिळणार नाही, कारण इंग्लंड आणि वेल्समध्ये मृतजन्मांची नोंदणी १ जुलै १९२७ पासून सुरू झाली. त्यापूर्वी अशा मुलाची गणना ना जन्मात होई, ना मृत्यूत. बाप्तिस्मा जिवंत मुलाचाच होत असल्याने चर्चच्या त्या वहीतही ते नसणार. उरते ती दफनभूमीची नोंदवही. तिथे मुलाचे नाव न शोधता आई-वडिलांच्या आडनावाखाली ‘अमक्याचे मृत जन्मलेले मूल’ अशी नोंद आहे का ते पाहावे आणि थडग्याचा क्रमांक टिपून घ्यावा. अशा बाळांना पुष्कळदा सामायिक थडग्यात, परक्या माणसांसोबत पुरत असत. म्हणून त्या क्रमांकापुढे भलतीच नावे दिसली, तरी जागा चुकली असे समजून परत फिरू नये.

प्रतिसाद २:
त्याआधी एक खातरजमा करावी. घरचे ‘मृत जन्मले’ म्हणतात ते मूल घटकाभर जगलेलेही असू शकते, आणि तसे असल्यास जन्म व मृत्यू दोन्ही नोंदवणे बंधनकारक होते. नाव ठेवलेले नसेल, तर सूचीत नावाच्या जागी फक्त ‘मेल’ किंवा ‘फीमेल’ असते. माझ्या एका शोधात मी दोन वर्षे दफनवह्या चाळल्या आणि नोंद अखेर मृत्यूंच्या सूचीत निघाली, वय शून्य! जनरल रजिस्टर ऑफिसच्या ऑनलाइन सूचीत आईचे माहेरचे आडनाव देऊन पुन्हा एकदा शोधून पाहा.

प्रतिसाद ३:
१९३४ ची गोष्ट निराळी आहे. तेव्हा नोंदणी होती, पण ती पुस्तके जनतेला खुली नाहीत; दाखला आई-वडिलांना मिळतो आणि ते हयात नसतील, तर त्यांच्या मृत्यूच्या तारखा देऊन मुलाचे सख्खे भाऊ किंवा बहीण अर्ज करू शकतात. नातसुनेचा अर्ज चालणार नाही. गर्भ २८ आठवड्यांचा झालेला नसेल, तर त्या काळी नोंदच होत नसे. दाखल्यावर नावाची अपेक्षा ठेवू नये, कारण ते लिहिण्याची सोय १९८३ मध्ये झाली.

मूळ प्रश्नकर्ती:
सर्वांचे आभार. सूचीत ‘मेल’ आणि ‘फीमेल’ दोन्ही घालून पाहिले. काही आले नाही, तेव्हा आता दफनवहीकडे वळते. आजींचे धाकटे भाऊ, १९३७ चे, हयात आहेत आणि आई-वडिलांच्या तारखाही त्यांच्याकडे आहेत. अर्ज कराल का, एवढे त्यांना विचारायचा धीर मात्र अजून झालेला नाही.