पोरांना धोका दिसतो, पण ती बोलत नाहीत

प्रेसशॉप_भोसरी:
नमस्कार मंडळी. भोसरीत प्रेसशॉपला (यंत्राने पत्रा दाबून कापायचा-वाकवायचा विभाग) सुपरवायझर आहे. आयटीआय करून आलेली एकोणीस-वीस वर्षांची पोरं हुशार आहेत, पण सेफ्टीबद्दल तोंड उघडत नाहीत. काल राउंडला बघतो तर प्रेसच्या, दोन्ही हातांनी दाबायच्या दोन बटणांपैकी एक चिकटपट्टीने दाबून ठेवलेलं आणि ऑपरेटर मोकळ्या हाताने डायमध्ये (साच्यात) पत्र्याची पट्टी सरकवतोय! शेजारच्या ट्रेनीला विचारलं, "दिसलं नाही का रे?" म्हणाला, "दिसलं सर, पण मी नवीन आहे." बोट गेलं की गेलं हो. यांना बोलतं कसं करू?

मेंटेनन्स_काका:
आधी वायरिंग तपासून घ्या. दर स्ट्रोकनंतर दोन्ही बटणं सोडल्याशिवाय पुढचा स्ट्रोक पडताच कामा नये. बटण बांधूनही मशीन चालतंय, म्हणजे सर्किटच चुकीचं आहे.

आता पोरांचं. आमच्याकडे चाकणला एक ट्रेनी सांगत आला, "काका, रॅम (प्रेसचा वर-खाली होणारा जड भाग) वर थांबायच्या जागेवरून खाली घसरतोय." त्याच पाळीत मशीन बंद केलं. ब्रेकचं लायनर झिजलं होतं. खोलताना त्याला शेजारी उभं केलं, जुनं लायनर हातात दिलं, आणि ब्रेक उशिरा लागला तर लाइट कर्टन (हात आत गेला की मशीन थांबवणारा प्रकाशकिरणांचा पडदा) असूनही हात का सापडतो ते समजावलं. त्यानंतर बाकीची पोरंही आपणहून सांगायला लागली. "बघू नंतर" असं एकदा ऐकलं, की पोरगं पुन्हा तुमच्याकडे फिरकत नाही. आणि मशीन बंद राहिलं तेवढा वेळ त्याच्या टार्गेटमधून वजा करा, हे फार महत्त्वाचं.

अप्रेंटिस_२०:
सर, मी अप्रेंटिस आहे म्हणून सांगतो. भीती तुमची नसते, ऑपरेटर दादांची असते. तेच काम शिकवतात, त्यांचं नाव कसं घेणार? सगळ्यांसमोर विचारू नका, चहाच्या सुट्टीत बाजूला घेऊन विचारा.

युनियन_पिंपरी:
त्यांना हक्कही सांगा. भोपाळच्या वायुदुर्घटनेनंतर 1987 साली कारखाने अधिनियमात धोकादायक प्रक्रियेच्या कारखान्यांसाठी कलम 41-एच आलं: जिवाला किंवा आरोग्याला तातडीचा धोका वाटला तर कामगार तो थेट व्यवस्थापनाच्या लक्षात आणून देऊ शकत होता. आता त्या अधिनियमाच्या जागी आलेल्या 2020 च्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेतही तशी तरतूद आहे.

प्रेसशॉप_भोसरी:
काका, इलेक्ट्रिशियनला आजच बोलावलंय. सर्किट तपासताना त्या ट्रेनीलाही सोबत ठेवतो. ऑपरेटरशी मी वेगळं बोलेन, पोराचं नाव मध्ये येणार नाही.