पर्यायी इतिहासावरचे गेम सुचवा (इतिहास खेळात हवा, नुसता ट्रेलरमध्ये नको)

धागाकर्ता:
'वुल्फेनस्टाईन: द न्यू ऑर्डर' परवा संपवला. नायक १९४६ मध्ये जखमी होतो, १४ वर्षं भान हरपून पडून राहतो आणि भानावर येतो तेव्हा नाझींनी युद्ध जिंकून जग ताब्यात घेतलेलं असतं. गोळीबारापेक्षा मी वर्तमानपत्रांची कात्रणं वाचण्यातच जास्त रमलो.

असंच काही सुचवा. अट एकच, तो 'जर-तर' खेळताना जाणवला पाहिजे. मागे एक गेम ट्रेलरवर भाळून घेतला होता. त्यातला इतिहास सुरुवातीच्या निवेदनातच संपला, पुढे नेहमीची मारामारी. प्रकार कुठलाही चालेल, संगणक मात्र जुना आहे.

रणगाडा:
'कमांड अँड कॉन्कर: रेड अलर्ट' घ्या. मूळ १९९६ चा, २०२० मध्ये नव्या रूपात आला. आइनस्टाइन कालप्रवास करून १९२४ मध्ये जातो आणि हिटलरला इतिहासातून नाहीसा करतो. वाटतं, युद्ध टळलं. पण मग स्टालिनचं सैन्य युरोपात घुसतं.

पानगळ:
तुमचा ट्रेलरचा अनुभव वाचून थोडं सविस्तर लिहिते, कारण या गेमांच्या जाहिराती मी फार आवडीने जमवते.

माझी कसोटी अशी: जाहिरात त्या जगातल्याच कुणीतरी केल्यासारखी वाटते का? तुम्ही खेळलात त्याच गेमसाठी 'नॉयमोंट' नावाची काल्पनिक रेकॉर्ड कंपनी उभी केली होती. जर्मनी जिंकलेल्या जगात साठच्या दशकातलं पॉप संगीत कसं असतं, याची गाणी खरोखर रेकॉर्ड केली. 'हाउस ऑफ द रायझिंग सन' त्यात जर्मनमध्ये आहे. चाल ओळखीची, भाषा परकी. ऐकताना पोटात गोळा येतो. कितीही स्फोट दाखवले तरी हा परिणाम साधत नाही.

'बायोशॉक इन्फिनिट'साठी (२०१३) कोलंबिया या उडत्या शहराबद्दल जुन्या टीव्ही माहितीपटाच्या थाटातली फिल्म केली होती. त्याआधी 'बायोशॉक २'च्या वेळी, ऑगस्ट २००९ मध्ये, जगभरातल्या काही समुद्रकिनाऱ्यांवर बाटल्या सापडल्या. आत भित्तिपत्रकं, जणू बुडालेल्या रॅप्चर शहरातून वाहत आलेली. हे दोन्ही गेम डोळे झाकून घ्या. आधी पहिला 'बायोशॉक' (२००७) खेळा, तुमच्या संगणकालाही तोच झेपेल.

याउलट 'होमफ्रंट'. २०११ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत त्याच्या प्रचारासाठी १०,००० लाल फुगे सोडले आणि त्यातले कितीतरी खाडीच्या पाण्यात पडले. चर्चा झाली ती कचऱ्याची. एकत्रित कोरियाने अमेरिका व्यापली तर तिथल्या माणसांचं काय होईल, हा गेमचा गाभाच त्यात हरवला.

धागाकर्ता:
वा! म्हणजे जाहिरात अशी आतून केलेली असली की गेम चांगला, असं समजू का?

पानगळ:
नाही, तेवढ्यावर पैसे टाकू नका. 'वी हॅपी फ्यू'चं उदाहरण घ्या. साठच्या दशकातलं पर्यायी इंग्लंड, युद्धातली लाजिरवाणी आठवण पुसायला सगळे गोळ्या खातात. २०१६ मध्ये दाखवलेला सुरुवातीचा प्रसंग इतका प्रभावी होता की लोकांनी कथाप्रधान गेम गृहीत धरला. त्याच वर्षी अपूर्णावस्थेत विक्रीला आला तेव्हा तो मुख्यतः जगून-तगून राहण्याचा खेळ होता. कथा पूर्ण रूपात २०१८ मध्ये आली. म्हणून ट्रेलर बघा, पण मग कुणीतरी अर्धा-एक तास सलग खेळलेलं बिनकापलेलं चित्रणही बघा.

रणगाडा:
+१. 'टर्निंग पॉइंट: फॉल ऑफ लिबर्टी'चंही (२००८) तसंच. १९३१ मध्ये न्यूयॉर्कमध्ये चर्चिलना मोटारीने धडक दिली होती, हे खरं घडलेलं. गेममध्ये ते त्यात वाचत नाहीत. एवढा सुंदर धागा, पण पुढे साधी नेमबाजी. तुमच्या अटीत बसत नाही.

नकाशावेडा:
तुम्हाला कात्रणं वाचायला आवडतात ना? मग 'हार्ट्स ऑफ आयर्न ४' हा नकाशावर देश चालवायचा युद्धनीतीचा गेम आणि त्यावर 'कायझरराइश' हा मॉड (मूळ गेमवर चढवायचा बदल). पहिलं महायुद्ध जर्मनीने जिंकलं, ब्रिटनमध्ये कामगार क्रांती झाली, अमेरिका यादवीच्या उंबरठ्यावर. खेळ १९३६ ला सुरू होतो. हा मॉड चाहत्यांनी बनवलाय, फुकट आहे आणि तोंडोतोंडी पसरलाय. प्रत्येक देशाच्या घडामोडींची छोटी छोटी टिपणं येत राहतात, मी कित्येकदा युद्ध थांबवून तीच वाचत बसतो. मूळ गेम शिकायला मात्र वेळ लागतो, पहिले काही डाव हरायची तयारी ठेवा. खेळातल्या नंतरच्या वर्षांत जुना संगणक रेंगाळतो, तेही लक्षात असू द्या.

पानगळ:
'प्रे' (२०१७) राहिलाच. केनेडी हल्ल्यातून वाचतात आणि अंतराळ स्पर्धेला वेगळं वळण लागतं. तो इतिहास अंतराळस्थानकात फिरता फिरता कळतो. संगणक बदललात की घ्या.

धागाकर्ता:
सगळ्यांचे मनापासून आभार. आज 'बायोशॉक' घेतो, महिनाअखेरीस 'हार्ट्स ऑफ आयर्न'. @नकाशावेडा, कायझरराइशमध्ये पहिल्यांदा कुठला देश घेऊ? जर्मनी चालेल?

नकाशावेडा:
जर्मनी नको, एकदम फार आघाड्या सांभाळाव्या लागतात. एखादा छोटा देश घ्या, आणि टिपणं येतील तेव्हा खेळ थांबवून वाचा.