मदत हवी आहे: लँगॉलेन कालव्यावर रात्री बोट कुठे बांधावी?

नमस्कार मंडळी,

जूनमध्ये आईबाबा साताऱ्याहून येताहेत (आम्ही बर्मिंगहॅमला असतो). आठवडाभरासाठी नॅरोबोट (कालव्यातली लांब, अरुंद, राहायची सोय असलेली बोट) भाड्याने घेतली आहे. इंग्लंडमधल्या व्हिटचर्चहून निघून वेल्समधल्या लँगॉलेनपर्यंत जायचं आणि परत. वेल्श उच्चारांची चूभूद्याघ्या. वाटेत लॉक (बोट वरच्या-खालच्या पातळीवर नेणारे पाण्याचे दरवाजे) दोनच, न्यू मार्टनचे, त्यांचं टेन्शन नाही. टेन्शन आहे ते रात्री बोट बांधायचं.

गेल्या वर्षी दुसऱ्या एका कालव्यावर आम्ही दोघंच गेलो होतो. काठाला दोर बांधायच्या कड्या नव्हत्या, म्हणून खुंट्या ठोकल्या आणि झोपलो. सकाळी सातला शेजारून एक बोट जोरात गेली. कपातला चहा सांडला म्हणून बाहेर येऊन बघतो तर पुढची खुंटी दोरासकट पाण्यात आणि आमची ५७ फुटी बोट कालव्यात आडवी! बायको अजूनही तो किस्सा सगळ्यांना सांगते.

तर, व्हिजिटर मूरिंगच्या (येणाऱ्या-जाणाऱ्या बोटींनी थांबायच्या जागेच्या) पाटीवर कुठे ४८ तास, कुठे ७ दिवस असतं. पाटीच नसेल तिथे थांबलं तर चालतं का? बाबांचे गुडघे दुखतात, त्यांना उडी मारून उतरता येणार नाही. आणि लँगॉलेनला संध्याकाळी सहाला पोचलो तर जागा मिळेल का?

ताशी४मैल:
चालतं. टोपाथच्या (कालव्याकाठच्या पायवाटेच्या) बाजूला, मनाईची पाटी नसेल तिथे, साधारण १४ दिवसांपर्यंत थांबता येतं. व्हिजिटर मूरिंग गावाजवळ, मोक्याच्या जागी असतात, म्हणून मुदत कमी. सगळ्यांना मिळायला हवीत ना. पाण्याचा नळ, लॉकच्या आधी-नंतरचा धक्का, पुलाखाली, वळणावर आणि बोट वळवायला रुंद केलेल्या जागी मात्र बांधू नका.

बाबांसाठी एल्समिअर उत्तम. मुख्य कालव्यातून गावाकडे छोटा फाटा जातो, त्याच्या टोकाला टेस्को आहे. दूध-भाजी तिथेच घ्या. मला स्वतःला थोडं अलीकडचं ब्लेक मिअर जास्त आवडतं, एका बाजूला कालवा आणि दुसऱ्या बाजूला तळं. कडी असलेली जागा मिळाली तर खुंटीच्या भानगडीत पडू नका. बाकी ठिकाणी काठाशी पाणी उथळ असतं, बोट फूट-दीड फूट लांबच अडते. बोटीवरची फळी टाका आणि बाबांचा हात धरा.

निळीछत्री:
लँगॉलेनला सहाला पोचू नका हो! ट्रेव्हरच्या पुढे कालवा इतका अरुंद होतो की काही ठिकाणी एकच बोट मावते. एकाने फोन घेऊन पुढे चालत जायचं आणि समोरून कोणी येत नाही ना ते सांगायचं. शिवाय डी नदीचं पाणी हॉर्सशू फॉल्सपाशी कालव्यात येतं आणि तुमच्या उलट दिशेने वाहतं, त्यामुळे जाताना वेळ लागतो. आदल्या रात्री अलीकडच्या चर्कला थांबा, सकाळी लवकर निघा. लँगॉलेनच्या मूरिंगचे पैसे आणि बुकिंग कॅनल अँड रिव्हर ट्रस्टच्या (कालवे सांभाळणाऱ्या संस्थेच्या) साइटवर आत्ताच बघून ठेवा.

वाटेत पॉन्टकसुल्थे जलसेतू (कालवाच दरीवरून नेणारा पूल) लागेल. १८०५चा, ३८ मीटर उंच. जाताना उजवीकडे टोपाथ आणि कठडा, डावीकडे कठडाच नाही, सरळ दरी. आईंना उंचीची भीती असेल तर आत उजव्या खिडकीशी बसवा.

धागाकर्ता:
दोघांचे आभार! चर्कचा मुक्काम पक्का. बाबांना व्हिडिओ कॉलवर खुंटीचं सांगितलं तर म्हणाले, "सरळ ठोकलीस होय रे? बैलाच्या खुंटीसारखी तिरकी ठोकायची, डोकं ओढीच्या उलट. आणि दावं आखूड नको."

ताशी४मैल:
बाबांना खलाशी करा. बरोबर सांगताहेत. फक्त पुढचा दोर पुढे आणि मागचा मागे तिरपा ओढून बांधा, काटकोनात नको, म्हणजे बोट मागेपुढे सरकणार नाही. आणि खुंटीच्या डोक्यावर पांढरी पिशवी अडकवा, नाहीतर रात्री कोणीतरी ठेचकाळेल.