इन्स्ली निवडून येणार नाही, म्हणून त्याचं ऐकायचंच नाही का?

पाऊसवेडी (८ जुलै २०१९)

परवा इथे ‘तटस्थ’ यांनी २०२० च्या अध्यक्षपदासाठीच्या डेमोक्रॅट उमेदवारांचा ताळेबंद मांडला. बायडन, वॉरन, सँडर्स, हॅरिस यांच्यावर परिच्छेदच्या परिच्छेद, आणि आमच्या वॉशिंग्टन राज्याच्या गव्हर्नरवर एक ओळ: "जे इन्स्ली. एका मुद्द्याचा माणूस. हवामानावर अमेरिकेत कोणी निवडून येत नाही. डिपॉझिट जप्त." तिथेच उत्तर लिहायला घेतलं, ते लांबलं, म्हणून वेगळा धागा.

शक्यता कमी आहे हे मलाही दिसतंय. सर्वेक्षणांत एक टक्का, कधीकधी तोही नाही. पण एका मुद्द्याचा कशावरून? दुसऱ्यांदा गव्हर्नर आहे. नव्वदच्या दशकात याकिमाच्या सफरचंदांच्या पट्ट्यातून काँग्रेसवर गेला होता. तिथे लोकांना बंदुका म्हणजे जीव की प्राण, तरी असॉल्ट वेपन्सवरच्या (लष्करी धाटणीच्या बंदुकांवरच्या) बंदीच्या बाजूनं मत दिलं आणि १९९४ ला पडला. या मे महिन्यात २०४५ पर्यंत राज्याची सगळी वीज स्वच्छ करायच्या कायद्यावर त्याचीच सही आहे.

मायामीच्या डिबेटमध्ये दोन रात्री, वीस उमेदवार, चार तास, आणि हवामानाला सगळं मिळून पाव तासाच्या आसपास वेळ. तेही मायामीत, जिथे पावसाचा थेंब नसताना भरतीचं पाणी गटारातून रस्त्यावर येतं.

गेल्या ऑगस्टमध्ये वणव्यांचा धूर सिएटलवर येऊन बसला होता. आमच्या घरात एसी नाही, इथे पुष्कळांकडे नसतो. खिडकी उघडली तर धूर, लावली तर उकाडा. धाकटीला दमा आहे. नवऱ्यानं हीटिंगचा फिल्टर चौकोनी पंख्याला चिकटपट्टीनं लावला, मी दारांच्या फटींत ओले पंचे कोंबले. पांढराशुभ्र फिल्टर तिसऱ्या दिवशी चहाच्या गाळणीसारखा तपकिरी झाला होता. तो मी लेकीला दाखवला नाही.

सप्टेंबरच्या डिबेटसाठी १,३०,००० देणगीदार आणि चार सर्वेक्षणांत दोन टक्के लागतात. मी दहा डॉलर पाठवले. तो त्या व्यासपीठावर असला तर बाकीच्यांना बोलावं लागेल. तो गेला की विषय गेला.

तटस्थ (८ जुलै)

ताई, धुराबद्दल वाद नाही. मी मतांबद्दल लिहिलं होतं. तुमच्याच राज्यात २०१६ ला कार्बन कर मतदानाला टाकला, पडला. २०१८ च्या नोव्हेंबरात पुन्हा, या वेळी गव्हर्नर स्वतः पाठीशी, तरी पडला. तुम्ही सांगता तो धूर निवळून तीन महिनेही झाले नव्हते. नाकातोंडात धूर गेलेली माणसं ‘नको’ म्हणतात, तर ओहायोतली का ‘हो’ म्हणतील?

पाऊसवेडी (८ जुलै)

तेल कंपन्यांनी विरोधी प्रचारावर तीन कोटी डॉलरच्या वर ओतले, ते का लिहिलं नाही? आमच्या टपालात चकचकीत पत्रकं येत होती, पेट्रोल किती महागेल याची. किंग काउंटीनं, म्हणजे आमच्या सिएटलच्या जिल्ह्यानं, तरीही ‘हो’ म्हटलं. जवळजवळ सगळ्या उरलेल्या राज्यानं ‘नको’ म्हटलं, हे मला गिळावं लागतं. गिळते.

सांगलीकर_पिट्सबर्ग (९ जुलै)

मी गॅसच्या पाइपलाइनच्या कामावर आहे, हे आधीच सांगतो.

२०१६ ला ट्रम्प आमचं पेनसिल्व्हेनिया ४४,००० च्या आसपास मतांनी जिंकला. ती माणसं कोण, हे सिएटलहून कळत नाही. माझ्याबरोबर एक वेल्डर आहे. आजा कोळशाच्या खाणीत, बाप स्टील मिलमध्ये, दोन्ही बंद पडलं. या घराण्यात पहिल्यांदा कर्ज न थकवता घर झालं ते गॅसमुळे. नदीवर मासे धरायला जातो, पाण्याची काळजी त्याला तुमच्याइतकीच आहे. पण फ्रॅकिंग (खडक फोडून गॅस काढणं) बंद करू म्हणणाऱ्याला तो मत देणार नाही आणि मी त्याला दोष देणार नाही. अमेरिकेचं उत्सर्जन २००५ नंतर खाली आलं, त्यात कोळशाची जागा गॅसनं घेतली याचा मोठा वाटा आहे. पर्यावरणवाल्यांच्या तोंडून हे एकदाही ऐकलं नाही.

पाऊसवेडी (९ जुलै)

विहिरींतून आणि पाइपांतून मिथेन गळतो तो धरून सांगा. कोळशापेक्षा बरा एवढंच ना? त्यावर आणखी तीस वर्षं काढायची का?

रांगेतला (११ जुलै)

काल हाउसमध्ये ग्रीनकार्डाची देशनिहाय मर्यादा उठवणारं बिल ३६५ विरुद्ध ६५ नं पास झालं आणि इथे त्यावर एक अक्षर नाही. मी अकरा वर्षं रांगेत आहे. कर भरतो, धूरही तुमच्याबरोबर खाल्ला, मत नाही. मुलगा एकविसाचा झाला की माझ्या व्हिसातून बाहेर पडेल. त्याचं काय करायचं ते इन्स्लीनं सांगितलंय का?

पाऊसवेडी (११ जुलै)

तुमचं दुखणं खरं आहे, पण वेगळा धागा काढा, मी तिथे येऊन लिहीन. इथे नको.

रांगेतला (११ जुलै)

ज्यांना मत आहे त्यांनी ‘इथे नको’ म्हणायचं, हे आम्हाला सवयीचं आहे.

मायामीकर (१२ जुलै)

तटस्थ यांचं ‘हवामानावर कोणी निवडून येत नाही’ वाचून राहवेना. न बोलताही कोणी निवडून येत नाही, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

१९९९ ला नागरिकत्वाची शपथ घेतली, २००० ला पहिलं मत. मी ग्रीन पार्टीच्या राल्फ नेडरला दिलं. होय, फ्लोरिडात.

का दिलं तेही ऐका. १९९२ च्या अँड्र्यू चक्रीवादळात होमस्टेडचा हवाई दलाचा तळ उद्ध्वस्त झाला. तिथे व्यापारी विमानतळ करायचा घाट होता. एका अंगाला एव्हरग्लेड्स, दुसऱ्या अंगाला बिस्केन, दोन राष्ट्रीय उद्यानांच्या मधोमध. आम्ही दर शनिवारी त्याविरुद्ध सह्या गोळा करत होतो. डेमोक्रॅट उमेदवार अल गोरनं फक्त ‘हे होऊ देणार नाही’ एवढं म्हणावं, हीच मागणी. ज्यानं १९९२ मध्ये पृथ्वीवर अख्खं पुस्तक लिहिलं, ज्याला थोरला बुश ‘ओझोन मॅन’ म्हणून हिणवायचा, तो त्या विमानतळावर शेवटपर्यंत बोलला नाही. इकडची मतं जातील, तिकडची जातील, हा हिशेब. आमच्यातली बरीच माणसं नेडरकडे गेली. फ्लोरिडात नेडरला ९७,४८८ मतं पडली. गोर तिथे धाकट्या बुशकडून हरला ५३७ नं. आणि २००१ च्या जानेवारीत, सगळं हातातून गेल्यावर, क्लिंटन सरकारनं तो विमानतळ नाकारला.

जर्सीची_मावशी (१२ जुलै)

पाचशे सदतीस! आणि तुम्ही हे उजळ माथ्यानं लिहिता? २००१ च्या मार्चमध्ये बुशनं क्योटोच्या हवामान कराराला लाथ मारली, मग इराक. माझ्या शेजारणीचा मुलगा फलुजाहून परत आला नाही. तुमच्या एका विमानतळासाठी?

मायामीकर (१२ जुलै)

उजळ माथ्यानं नाही लिहिलं. एकोणीस वर्षं घरातही या विषयावर बोलत नाही, बायकोनं गोरला दिलं होतं. पण पाम बीचच्या त्या विचित्र मतपत्रिकेवर तिसऱ्याच पक्षाच्या बुकॅननला ३,४०७ मतं गेली, त्याचा जाब मला विचारू नका. त्या मुलाचं पाप माझ्या एकट्याच्या पदरात घालू नका.

तटस्थ (१३ जुलै)

काका, भावना समजली, हिशेब चुकला. फ्लोरिडा सोडा. बुश राज्यांच्या वाट्याच्या २७१ इलेक्टोरल मतांवर जिंकला. त्यात वेस्ट व्हर्जिनियाची मतं पाच. क्लिंटननं ते राज्य दोन्ही वेळा जिंकलं होतं, गोरनं सहा टक्क्यांनी घालवलं. का? कोळसा. हा माणूस खाणी बंद करेल ही भीती. म्हणजे तो हवामानावर गप्प बसूनही त्याच मुद्द्यावर हरला. माझं म्हणणं त्यानं पक्कंच होतं.

मायामीकर (१३ जुलै)

मग टेनेसी? स्वतःचं राज्य, अकरा मतं, तेही गेलं. तिथे बंदुका आल्या, तंबाखू आली. सगळ्याला कोळसा चिकटवू नका. आणि गप्प बसूनही लोक त्याला ‘खाणी बंद करणारा’च म्हणणार होते, तर गप्प बसून मिळवलं काय? आमची मतं मात्र गेली.

पाऊसवेडी (१३ जुलै)

काकांच्या मताचा मला राग येतो, तो लपवत नाही. पण शेवटचा प्रश्न माझाच आहे. तटस्थ, त्याचं उत्तर द्या.

तटस्थ (१४ जुलै)

उत्तर नाही. पण बोलून जिंकलेला एक उमेदवार दाखवा, मग पुढे बोलू.

मक्याच्या_देशात (२० जुलै)

मी ओमाहाला असतो, मिझुरी नदीच्या पलीकडे आयोवा. तिथे पुढच्या फेब्रुवारीत पहिली कॉकस, म्हणजे पक्षाचा उमेदवार निवडायची मतदारांची सभा. मार्चच्या पुरानंतर तिथल्या हॅम्बर्ग गावाच्या बाजूला गेलो होतो. शेतातल्या पत्र्याच्या गोल कोठ्या, घराएवढ्या उंच. सोयाबीन पाण्यानं फुगलं आणि कोठ्या शिवण उसवावी तशा फाटल्या होत्या. खाली कुजक्या दाण्यांचा ढीग, वास मैलभर. विमा उभ्या पिकाला असतो, कोठीतल्याला नाही, असं शेतकरी सांगत होता. इतकं होऊनही तो हवामानाचं नाव घेईना. शिव्या कोणाला, तर नदीवरची धरणं चालवणाऱ्या आर्मी कोअरला. पाणी वेळेवर सोडलं नाही म्हणून. पण त्याच शेतात तीन पवनचक्क्या आहेत आणि त्यांचं भाडं तो प्रेमानं घेतो. इन्स्लीनं त्याच्याशी भाड्याचं बोलावं. मग एक टक्का राहणार नाही.

सांगलीकर_पिट्सबर्ग (२० जुलै)

हे बरोबर बोललात. हेच मी सांगत होतो.

पाऊसवेडी (९ ऑगस्ट)

सांगली-कोल्हापूरचे फोटो बघून झोप नाही. २००५ पेक्षाही वर पाणी गेलंय. सांगलीकर, आता तरी म्हणाल का की हा प्रश्न गॅसच्या पगारापेक्षा मोठा आहे?

सांगलीकर_पिट्सबर्ग (१० ऑगस्ट)

ताई, माझी आई तीन दिवस शेजारच्या गच्चीवर होती. चौथ्या दिवशी बोट मिळाली. फोन लागत नव्हता, मी इथे ड्यूटीवर मोबाइल हातात धरून उभा होतो. त्या वेळी तुम्ही माझ्या गावाचा पूर घेऊन इन्स्लीची बाजू मांडता? ‘आता तरी म्हणाल का’ हे कोणाला विचारताय?

आणि ऐका. पूररेषेत घरं बांधायला परवानग्या कोणी दिल्या? ओढे कोणी बुजवले? धरणं भरत आली तरी पाणी आधी का सोडलं नाही, अलमट्टीतून विसर्ग वाढवायला इतका वेळ का लागला? हवामान म्हटलं की हे सगळे सुटतात. ओमाहाचा शेतकरी वेडा नाही.

पाऊसवेडी (१० ऑगस्ट)

चुकलं माझं. आधी आईंची चौकशी करायला हवी होती. माफ करा.

मक्याच्या_देशात (११ ऑगस्ट)

मीही तो वेडा आहे म्हटलं नव्हतं. धरणवाल्यांचं चुकलं असेल. पण इतका पाऊस इतक्या थोड्या दिवसांत पडेल हे धरून कोणीच धरण चालवत नाही, ना मिझुरीवर ना कृष्णेवर. दोन्ही खरं असू शकतं, भाऊ. आईंना जपा.

तटस्थ (२३ ऑगस्ट)

परवा इन्स्ली बाहेर पडला. देणगीदार १,३०,००० झाले, दोन टक्के काही झाले नाहीत. मी जुलैत लिहिलं तेच झालं आणि ते मी मागे घेत नाही. काल पक्षाच्या समितीनं फक्त हवामानावरच्या डिबेटचा ठरावही फेटाळला.

एक मात्र लिहायला हवं. ४ सप्टेंबरला सीएनएन बड्या उमेदवारांना एकेक करून फक्त हवामानावर बोलायला बसवतंय. मार्चमध्ये हे कोणी सांगितलं असतं तर मी मानलं नसतं. ते त्यानं लावून धरलं म्हणून झालं. एवढं देतो, यापुढे नाही.

मायामीकर (२३ ऑगस्ट)

तो सात तासांचा कार्यक्रम पूर्ण बघणार आहे. बायकोबरोबर.

सांगलीकर_पिट्सबर्ग (२५ ऑगस्ट)

सगळ्यांनी विचारलं म्हणून कळवतो. आई घरी परतली. गाळ काढायला आठ दिवस लागले, गाद्या आणि धान्य फेकून दिलं. देवघराच्या भिंतीवर २००५ ची रेघ होती, वडिलांनी तेव्हा पेन्सिलनं तारीख घातलेली. नवी रेघ तिच्या दोन हात वर आहे. भाऊ रंग काढायला निघाला होता, आईनं तेवढी भिंत सोडायला लावली.

४ तारखेचं मीही बघणार आहे, वेल्डरलाही सांगितलंय. तो म्हणाला, पगाराचं कोणी बोललं तर उठव. आणि अलमट्टीचं मी म्हटलं ते मागे घेतलेलं नाही.