ओवेन्स कॉर्निंगचं गुलाबी ग्लासवूल आणि पाइपांवरचं ‘केलो’: ॲस्बेस्टॉस कशात?

तळघर६२: न्यू जर्सीत १९६२ साली बांधलेलं घर घ्यायचं चाललंय. माळ्यावर उष्णता अडवायला टाकलेलं गुलाबी ग्लासवूल (काचेच्या तंतूंचा कापूस) आहे. तळघरात गरम पाण्याच्या पाइपांवर कॅनव्हास गुंडाळलेलं पांढरं, खडूसारखं कवच. विकणारा म्हणतो, दोन्ही ओवेन्स कॉर्निंगचंच, ॲस्बेस्टॉसचा संबंध नाही. कंपनीचा इतिहास बघता हे पटण्यासारखं आहे का?

काचधागा: गुलाबी मालापुरतं पटतं, ती काच आहे. १९३२ मध्ये ओवेन्स-इलिनॉय या काच कंपनीत डेल क्लाइस्ट काचेचे ठोकळे सांधत असताना दाबाच्या हवेचा झोत वितळलेल्या काचेच्या धारेवर बसला आणि बारीक तंतू उडाले. गेम्स स्लेटर यांच्या हाताखाली पुढे हवेऐवजी वाफ वापरून पद्धत बसवली गेली. १९३८ मध्ये ओवेन्स-इलिनॉय आणि कॉर्निंग यांनी मिळून वेगळी कंपनी काढली, तीच ओवेन्स कॉर्निंग. गुलाबी रंग १९५६ पासूनचा, निव्वळ ओळखीसाठी. त्याने उष्णता जास्त अडत नाही.

बॉयलरखोली: पाइपांचं मात्र मुळीच मान्य करू नका. ‘केलो’ या नावाचं पाइपांचं उष्णतारोधक कवच म्हणजे कॅल्शियम सिलिकेटमध्ये ॲस्बेस्टॉसचे तंतू. आधी ओवेन्स-इलिनॉय ते बनवायची, १९५८ मध्ये तो धंदा ओवेन्स-कॉर्निंगने घेतला आणि ॲस्बेस्टॉससकट १९७०च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत चालवला. चीड येते ती याची की, केलोच्या धुळीने ॲस्बेस्टोसिस (ॲस्बेस्टॉसमुळे होणारा फुप्फुसाचा आजार) होऊ शकतो, हे सॅरनॅक प्रयोगशाळेने प्राण्यांवरच्या चाचण्यांवरून १९४८ मध्येच ओवेन्स-इलिनॉयला कळवलं होतं. पुढे ॲस्बेस्टॉसवरून झालेल्या दाव्यांच्या ओझ्याखाली ओवेन्स कॉर्निंगने २००० मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला, त्यातून सुटका २००६ मध्ये.

कवच कुणाचं, त्यात काय, हे नुसतं बघून कळत नाही. खरवडू नका, कॅनव्हास फाडू नका. परवानाधारक तपासनीस जागा ओली करून तुकडा घेतो, छिद्र लगेच बंद करतो. सरळ पाइपाबरोबर कोपरांचाही (पाइप वळतो तिथल्या सांध्यांचाही) नमुना घ्यायला सांगा. कोपरांवर बऱ्याचदा हाताने थापलेला वेगळा लेप असतो. सरळ भाग स्वच्छ निघाला तरी लेपात ॲस्बेस्टॉस सापडतो.

तळघर६२: मग माळ्यावरचं तसंच ठेवून वर नवा थर टाकला तर?

काचधागा: चालेल, फक्त जुना थर कोरडा हवा. नवा थर बिनकागदाचा घ्या, नाहीतर दोन थरांमध्ये ओल अडकते. तो तुळयांना आडवा टाका, दाबू नका: सव्वासहा इंची आर-१९ (आर म्हणजे उष्णता अडवण्याचं माप) साडेपाच इंचांत कोंबलं की आर-१८ उरतं. वळचणीची हवेची फट मोकळी राहू द्या. आणि आधी एक कोपरा हळूच उचलून बघा. खाली करडे-तपकिरी, चमकदार, खड्यांसारखे दाणे दिसले तर ते व्हर्मिक्युलाइट, उष्णता अडवायला ओतलं जाणारं एक खनिज. मोंटानातल्या लिबीच्या खाणीतल्या मालात ॲस्बेस्टॉस मिसळलेलं असायचं आणि अमेरिकेतला बराचसा माल तिथलाच. तसं असेल तर ग्लासवूल होतं तसं ठेवा आणि काम तिथेच थांबवा.